गोंड्याला निरोप कुणी दिला?

१

सकाळच्या व्यायामाला सगळे हॉलमध्ये जमले, डॉक्टरांनी भिंतीवरचा मोठा टीव्ही सुरू केला, आणि पडद्यावरची झोपडी रिकामी होती.

"ओढ्यावर गेला असेल," ड्रायव्हर म्हणाला. त्याचा डावा हात खांद्यापासून प्लॅस्टरमध्ये होता. उजव्या हाताने त्याने हाक मारायचं बटण दाबलं आणि टीव्हीकडे तोंड करून ओरडला, "गोंड्या! ए आळशा!"

कुणी आलं नाही. झोपडीमागचं फाटक उघडं होतं आणि त्यापलीकडे रान वाऱ्यावर हलत होतं.

हे घर आजारातून उठलेल्या, पण अजून घरी जाण्याजोग्या न झालेल्या माणसांचं होतं. कुणाचं हाड मोडलेलं, कुणाची अर्धी बाजू लुळी. रबरी चेंडू दाबायला आणि मणी ओवायला सगळे कंटाळायचे, म्हणून व्यायामाच्या डॉक्टरांनी एका कंपनीकडून तो खेळ काही महिन्यांसाठी मागून आणला होता. खेळात एक प्राणी पाळायचा. तो बी पेरून उगवतो. मांजराएवढा, पानांसारखे मोठे कान, शेपटीच्या टोकाला गोंडा, म्हणून नाव गोंड्या. त्याला बोरं वेचून भरवायची, ब्रश फिरवायचा, मोठा झाला की दोरीच्या पुलावरून नि धुक्यातल्या लांडग्यांमधून मोहिमेवर न्यायचं. बोरं वेचताना चिमटीला व्यायाम, ब्रशाने मनगटाला. ज्या माणसांनी स्वतःहून पाण्याचा पेला उचलला नव्हता, ती गोंड्याला भूक लागली म्हणून कळवळू लागली होती.

"पळून गेला?" घड्याळवाल्या आजोबांनी विचारलं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला त्यांचा उजवा हात आता सारखा थरथरायचा.

"पळाला असता तर झोपडीत पसारा असता," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "आबाळ झाली की तो वाडगा लाथाडून जातो. इथे वाडगा धुतलेला आहे. आणि ते बघा, त्याच्या गळ्यातली घंटा काढून खुंटीला लावलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे तो गेलेला नाही. कुणीतरी त्याला निरोप देऊन पाठवलंय."

२

मागच्या रांगेत सर्व्हेअरबाई बसल्या होत्या. खांद्याचं ऑपरेशन होऊन इथे आलेल्या. विमा कंपनीत त्यांनी जळालेली गोदामं, बुडालेला माल आणि 'आपोआप' लागलेल्या आगी बघत केस पांढरे केले होते. आग विझली की त्या जायच्या, राखेत फिरायच्या, आणि मालकाला चहा प्यायला लावून गप्पा मारायच्या. निवृत्तीनंतर एवढीच गोष्ट त्यांना चुकल्यासारखी वाटायची.

त्या उठून टीव्हीजवळ गेल्या.

"ही चित्रं नेहमी उजवीकडे असतात ना? वाडगा, ब्रश, घंटा?"

"उजव्या हाताने खेळलं तर उजवीकडे," डॉक्टर म्हणाल्या. "डाव्या हाताने खेळणारा असला की डावीकडे सरकतात."

"काल सकाळी शेवटी कोण खेळलं?"

"मी," ड्रायव्हर म्हणाला. "उजव्या हाताने. दुसरा आहे कुठे?"

"आणि आत्ता सगळं डावीकडे आहे. बरं, निरोप द्यायचा म्हणजे काय काय करायचं?"

डॉक्टरांनी सांगितलं, ते ऐकताना हॉलमध्ये कुजबूज वाढत गेली. घंटा काढायची, फाटक उघडायचं. मग तो रानाच्या कडेपर्यंत जातो आणि वळून बघत उभा राहतो. बटण दाबून काही होत नाही. ज्या माणसाचा आवाज त्याच्या सगळ्यांत ओळखीचा असतो, त्या माणसाने काहीतरी बोलावं लागतं. शब्द कुठलेही चालतात, आवाज तोच लागतो. परक्याने हाक मारली तर तो खाटेखाली जाऊन बसतो.

"मेट्रनबाई ओरडल्या होत्या तेव्हा दिवसभर बसला होता," आजोबा म्हणाले.

"आणि त्याच्याशी सगळ्यांत जास्त कोण बोलायचं?" कुणीतरी मागून विचारलं.

उत्तर द्यायची गरज नव्हती. रोज सकाळी गोंड्याला आपल्या गाडीच्या, घाटांच्या आणि फुकट्या प्रवाशांच्या गोष्टी सांगणारा माणूस एकच होता. सगळ्या माना ड्रायव्हरकडे वळल्या.

तो उठला आणि खोलीत निघून गेला. दुपारी तो जेवायला आला नाही. दुसऱ्या दिवशी व्यायामालाही आला नाही.

३

"ड्रायव्हरचं प्लॅस्टरबाहेरचं बोट आत्ता कुठे वळायला लागलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "आता चार दिवस घालवले की पुन्हा ताठ होईल. आणि तसाही खेळ जाणारच होता. कंपनीचा माणूस शनिवारी न्यायला येतोय. मेट्रननी परवा नाश्त्याच्या वेळी सांगितलं सगळ्यांना."

"नेल्यावर त्यात साठवलेलं सगळं?"

"पुसून टाकतात. कोरं करून दुसरीकडे देतात."

सर्व्हेअरबाईंनी 'पुसून टाकतात' हे शब्द मनात टिपून ठेवले. मग मेट्रनच्या खोलीत गेल्या.

मेट्रन शिस्तीच्या होत्या आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "मला तो खेळ आवडत नव्हता, हे मी कुणापासून लपवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मोठी माणसं टीव्हीशी लाडेलाडे बोलतात. पण मी कशाला त्या जनावराला पाठवू? शनिवारी आपोआप जाणारच होतं."

"हॉल उघडा कधी असतो?"

"संध्याकाळी कुलूप मीच लावते, सकाळी मीच काढते. दुपारी जेवणानंतर उघडा असतो, पण तेव्हा सगळ्यांनी आपापल्या खोलीत झोपायचं असा नियम आहे."

म्हणजे जे झालं ते भर दुपारी झालं होतं.

आजोबा बागेतल्या बाकावर चिडून बसले होते. "माझ्यावर संशय आहे ना? असू दे. मी डाव्या हाताने खेळतो. टीव्हीवर बुद्धिबळाचे सामने बघता येत नाहीत म्हणून मी कुरकुरही केली. पण चित्राशी बोलायला मला अजून वेड लागलेलं नाही. आजवर एक शब्द बोललो असेन तर विचारा कुणालाही."

सर्व्हेअरबाईंनी विचारलं. दोघातिघांनी सांगितलं ते एकच. आजोबा बोरं वेचायचे, पण तोंडाला कुलूप. त्यांच्या आवाजाला गोंड्या खाटेखालीच गेला असता.

डाव्या हाताने खेळणारं आणखी एक माणूस होतं. खिडकीतल्या काकू. उजवी बाजू लुळी, काठीच्या आधाराने हळूहळू चालायच्या आणि उरलेला वेळ हॉलच्या खिडकीत बसायच्या; दुपारच्या झोपेच्या नियमातून त्यांना सूट होती. गोंड्याला ब्रश करायचं काम त्यांचं, आणि ते त्या इतक्या निगुतीने करायच्या की तो डोळे मिटून घ्यायचा. पण झटका आल्यापासून काकूंची वाचाच गेली होती. डॉक्टरांनी प्रयत्न केले, भाषोपचार झाले, कित्येक महिन्यांत एक शब्द फुटला नव्हता.

आवाज असलेल्या माणसाला डावा हात नव्हता. डावा हात असलेल्यांना आवाज नव्हता. आणि गोंड्या तर गेला होता.

सर्व्हेअरबाईंनी ड्रायव्हरचं दार वाजवलं.

"माझ्यावर विश्वास आहे?" त्याने आतूनच विचारलं.

"तुमचा डावा हात प्लॅस्टरमध्ये आहे, एवढ्यावर आहे. दार उघडा."

त्याने दार उघडलं, पण नजर वर केली नाही. "बाई, एक गोष्ट मी सांगितली नाही. त्या दुपारी मी हॉलमध्येच होतो."

४

"खोलीत उकडतं," तो म्हणाला. "मागच्या कोपऱ्यातली आरामखुर्ची उंच पाठीची आहे, तिच्यात बसलं की पुढून कुणाला दिसत नाही. तिथे जरा डोळा लागला. हे सांगितलं असतं तर फासच गळ्यात पडला असता."

"काही ऐकलंत?"

"झोपलो होतो हो. स्वप्न पडत होतं."

"कसलं?"

"आता स्वप्नही सांगू?" पण तो हसला. "रोजचंच. स्टँडवर गाडी लावलीय, आणि वरच्या भोंग्यातून ती बाई बोलतेय. 'गाडी सुटण्याच्या तयारीत आहे. प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात.' जन्मभर ऐकलंय ते. मी झोपेतच पायाने क्लच दाबला, तर पायात गोळा आला आणि जाग आली. बघतो तर हॉल रिकामा. फक्त खिडकीत काकू, नेहमीसारख्या बाहेर बघत. टीव्ही बंद."

"आणि गोंड्याचं काय? अलीकडे त्याच्यात काही बदल जाणवला होता?"

ड्रायव्हर विचारात पडला. "आळशी झाला होता. पूर्वी हाक मारली की उड्या मारत यायचा. हल्ली कान टवकारून थांबायचा. जसं काही माझं बोलणं अजून पुरं व्हायचंय. मी म्हणायचो, अरे बाबा, संपलं माझं, ये आता."

सर्व्हेअरबाई डॉक्टरांकडे परतल्या.

"हा प्राणी बोलण्याची ढब शिकतो का?"

"शिकतो. जो त्याच्याशी जास्त बोलेल त्याच्या बोलण्याच्या गतीची त्याला सवय होते."

"ड्रायव्हर तर तोफखाना आहे. त्याच्या संगतीत राहून हा थांबायला कुठून शिकला?"

एवढ्यात पोर्चमध्ये टॅक्सी थांबली आणि काकूंचा मुलगा बॅग घेऊन आत आला. आईला न्यायला तो उद्या येणार होता, पण आजच आला होता.

५

चाळिशीचा, दमलेला, सभ्य माणूस. आईला तो दूरच्या एका संस्थेत ठेवणार होता. तिथे शेवटपर्यंत सांभाळतात. "इथे ठेवून काही सुधारणा नाही असं कळवलंय," तो म्हणाला. "तिला काही समजतं की नाही, हेही मला कळत नाही. मी बोलतो, ती बघत राहते."

"तुमच्या आई पूर्वी काय करायच्या?" सर्व्हेअरबाईंनी विचारलं.

"बसस्थानकावर निवेदिका होती. वरच्या केबिनमध्ये बसून गाड्या पुकारायची. चेहरा कुणी पाहिला नव्हता, पण आवाज सगळ्या गावाला पाठ. तिला त्या आवाजाचा फार अभिमान होता. म्हणून तर…" त्याने पुढचं गिळलं.

सर्व्हेअरबाईंनी त्याला चहा प्यायला लावला आणि डॉक्टरांना बाजूला नेलं.

"वाचा गेलेल्या माणसाला एखादं पाठ असलेलं वाक्य सलग म्हणता येतं का?"

"येतं कधी कधी. साधं 'पाणी द्या' जमत नाही, पण पाढे घडाघडा येतात. का?"

"जळालेल्या गोदामात सगळी कारणं खोडून झाली आणि आग तर लागलेली आहे, तर मग एकच उरतं. कुणीतरी आपल्याला काहीतरी सांगितलंय, सगळ्यांनी मान डोलावलीय, आणि ते कुणी तपासलेलं नाही. इथे न तपासलेली गोष्ट एकच आहे."

डॉक्टरांनी खिडकीकडे पाहिलं.

"मी महिनोन् महिने तपासलं," त्या पुटपुटल्या.

"तुम्ही समोर बसून तपासलंत. त्या दुपारी समोर कुणी नव्हतं."

६

हॉलमध्ये काकू एकट्याच होत्या. सर्व्हेअरबाई शेजारी स्टूल ओढून बसल्या.

"तो पुसला जाणार होता," त्या म्हणाल्या. "झोपडीत राहिला असता तर शनिवारी संपला असता. रानात गेला तर तिथे राहतो. मी डॉक्टरांना विचारलं. ते रान सगळ्या खेळणाऱ्यांचं सामाईक आहे, कंपनीने हा खेळ कोरा केला तरी रानातले प्राणी तसेच असतात. सगळे म्हणतात कुणी दुष्टपणा केला. मला वाटतं कुणीतरी त्याला वाचवलं."

काकूंनी मान वळवली नाही.

"ड्रायव्हरने व्यायाम सोडलाय. त्याने स्वप्नात स्टँडवरची बाई ऐकली म्हणे."

काकूंची डावी मूठ काठीवर आवळली. सर्व्हेअरबाई पुढे काही बोलल्या नाहीत. माहीत असलेलं उत्तर समोरच्याच्या तोंडात न घालता बसून राहायची त्यांना सवय होती. कितीतरी गोदाममालक त्यांच्यासमोर असे गप्प बसले होते. बाहेर माळ्याने नळ सोडला, बंद केला. एक कावळा गजावर येऊन गेला.

"पु…" काकू म्हणाल्या. आवाज खोल आणि घोटीव होता, फक्त शब्द अडकत होते. "पुसू… दिला… नाही."

"बरं केलंत."

पुन्हा बराच वेळ गेला.

"माणसं…" काकूंच्या कपाळावर घाम आला होता. "माणसं… वाक्य… संपवतात. माझं." त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. "तो… थांबायचा."

सर्व्हेअरबाईंना मग सगळं दिसलं. डॉक्टर प्रेमाने पहिलं अक्षर सुचवायच्या, मेट्रन कामाच्या घाईत अख्खं वाक्य बोलून टाकायच्या, मुलगा घाबरून. जिच्या शब्दावर गाड्या सुटायच्या, तिला प्रत्येक शब्दाला कुणीतरी हात द्यायचं. म्हणून तिने तोंड मिटलं होतं, आणि दुपारी सगळे झोपले की पानांसारखे कान टवकारून बसलेल्या एका चित्रासमोर, तुकड्यातुकड्याने, ते उघडत होती. निरोपाचं वाक्य मात्र तिला जुळवता आलं नसावं. तेव्हा जे पाठ होतं तेच तिने म्हटलं.

"मी कुणाला सांगणार नाही," सर्व्हेअरबाई म्हणाल्या. "सांगायचं की नाही ते तुमचं. पण ड्रायव्हर खोलीत बसलाय आणि तुमचा मुलगा बॅग भरतोय."

काकूंनी काठी टेकली आणि उठायला सुरुवात केली.

७

चहाच्या वेळेला सगळे हॉलमध्ये होते. ड्रायव्हरला सर्व्हेअरबाईंनी जवळजवळ ओढूनच आणलं होतं. मुलगा दाराशी बॅग घेऊन उभा होता, खाली टॅक्सी थांबली होती.

काकू टीव्हीपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि वळल्या. कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. मग स्वच्छ, भरदार, जराही न अडखळणारा आवाज हॉलभर घुमला.

"गाडी सुटण्याच्या तयारीत आहे. प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात."

ड्रायव्हरच्या हातातला कप बशीवर आपटला. तो उठून उभाच राहिला, साहेब आत आल्यावर उभं राहावं तसा.

"या तर स्टँडवरच्या बाई," तो म्हणाला. "अहो, तुमच्या आवाजावर मी सगळी नोकरी काढली."

मुलाची बॅग कधी खाली टेकली ते त्यालाही कळलं नसावं.

काकूंनी ड्रायव्हरकडे पाहिलं. आता पाठ असलेलं संपलं होतं. "मी…" त्या म्हणाल्या. "गोंड्या… मी…"

"तुम्ही पाठवलात?" मेट्रन घाईने म्हणाल्या. डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला हात लावला. मेट्रन गप्प झाल्या.

"मी… पाठवला. याने… नाही."

ड्रायव्हरने मान हलवली. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला होता, हसू की रडू ते कळत नव्हतं. "सुखरूप आहे ना तिथे? मग झालं. मला सांगितलं असतंत तर मीही टाटा केला असता, एवढंच."

मुलगा पुढे आला. आईच्या समोर उभा राहिला, तिच्या खांद्याला हात लावावा की नाही हे त्याला ठरवता येईना.

"आई, तू बोलतेस."

"मला…" काकू म्हणाल्या. "मला… घ…"

"घरी जायचंय," मुलगा लगेच म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "हो आई, घरी. त्या संस्थेत नाही. आत्ताच्या आत्ता घरी जाऊ."

काकूंनी मान हलवली. नाही.

मुलगा गोंधळला. त्याने सर्व्हेअरबाईंकडे पाहिलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग तो थांबला. हॉलमधले सगळेच थांबले. आजोबांचा थरथरणारा हात मांडीवर दाबून धरलेला, मेट्रनच्या हातात तिरकी झालेली किटली, आणि मधोमध ती बाई तो एक शब्द शोधत उभी.

"घाई… नाही," काकू म्हणाल्या. "इथे… शिकते. नीट. मग… घरी."

मुलाने डोळे पुसले. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. तो जिना उतरून गेला, गाडी परत पाठवली आणि वर येऊन आईच्या खुर्चीशेजारी सर्व्हेअरबाईंचं स्टूल ओढून बसला. काय विचारावं हे त्याला सुचेना. शेवटी म्हणाला, "तो प्राणी दिसायला कसा होता ग?"

काकू सांगू लागल्या. कानांपाशी त्या बराच वेळ अडल्या. मुलगा हनुवटीला हात लावून ऐकत होता. चहा निवून गेला तरी दोघांपैकी कुणी कपाला हात लावला नाही.